सगळे, काही, एकही नाही

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजातून घरी परतलेला माणूस म्हणाला, “आज सगळी दुकानं उघडी नाहीत,” तर ऐकणाऱ्याने काय समजायचं? काही उघडी आहेत आणि काही बंद, असं? की झाडून सगळी बंद आहेत, असं? वाक्यात दोन्ही अर्थ बसतात. जोर ‘सगळी’वर पडला की ‘नाहीत’वर, दिवस साधा आहे की धुळवडीचा, हातातली पिशवी भरलेली आहे की रिकामी, यावरून आपण अर्थ ओळखतो. घोटाळा झालाच तर “म्हणजे एकही नाही का?” असं विचारून मोकळे होतो.

जन्मापासून कानावर पडलेल्या भाषेत हे चालून जातं. पण कोणी बसून, ठरवून नवी भाषा घडवायला घेतली तर? तिथे आजीने शिकवलेली सवय नाही आणि बाजारात घासून तयार झालेला वापरही नाही. ‘सगळे’, ‘प्रत्येक’, ‘काही’, ‘कोणीही’, ‘एकही’, ‘बरेच’, ‘थोडे’ आणि मोजणीचे एक-दोन-तीन, यांना परिमाणवाचक शब्द म्हणू. घडवलेल्या भाषेत यातल्या प्रत्येकाचं वागणं आधी ठरवून ठेवावं लागतं. अशी भाषा किती विचाराने घडवली आहे हे पाहायचं असेल तर क्रियापदांआधी हे शब्द तपासावेत, असं माझं मत आहे. झाड, पाणी, घोडा यांना नावं देणं सोपं असतं. खरा कस ‘सगळे’ आणि ‘नाही’ एका वाक्यात आले की लागतो.

मराठीला घडवलेल्या शब्दांचं वावडं कधीच नव्हतं. महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांची ‘नंदभाषा’ हे त्याचं जुनं उदाहरण. गिऱ्हाइकासमोर दोन व्यापाऱ्यांना भाव बोलायचा आहे, पण गिऱ्हाइकाला तो कळू द्यायचा नाही, यासाठी ही सांकेतिक बोली होती. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा करतात, त्याचाच हा तोंडी प्रकार. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्या नावावर असलेल्या एका अभंगात या बोलीतले आकडे सापडतात. विसोबांचा व्यवसाय सराफीचा होता असं सांगतात, म्हणजे ही बोली त्यांच्या रोजच्या कामातलीच असणार. अभंगात शंकराचं वर्णन आहे, पण सगळ्या संख्या नंदभाषेत आहेत. पाच मुखं सांगायला ‘मुळू’, तीन डोळ्यांना ‘उधानू’, दहा हातांना ‘अंगुळू’. सात पाताळांसाठी ‘पवित्र’, सहा शास्त्रांसाठी ‘शेली’, चार वेदांसाठी ‘पोकू’, जोडलेल्या दोन हातांसाठी ‘आवारू’, शेषाच्या हजार तोंडांसाठी ‘ढकार’. ज्याला पुराणातली गणती माहीत आहे त्याला या अभंगातल्या आकड्यांचा संकेत उलगडता येतो, कारण शंकराचे डोळे तीन आणि वेद चार, हे त्याला आधीच ठाऊक असतं.

व्याकरणाच्या दृष्टीने गंमत पुढे आहे. एकवीस म्हणायचं तर वीससाठी ‘काटी’ आहे, एकासाठी ‘केवळी’ आहे, आणि दोहोंना जोडतो तो ‘आगळा’, म्हणजे ‘अधिक’ या अर्थाचा साधा जुना मराठी शब्द. अठरा पुराणांसाठी दहा आणि आठ, म्हणजे ‘अंगुळू’ आणि ‘मंगी’, शेजारी-शेजारी ठेवले आहेत. थोडक्यात, आकडे नवे केले, पण त्यांना जोडणारं व्याकरण मराठीचंच ठेवलं. विभक्ती मराठी, क्रियापद मराठी, ‘नाही’ही मराठीच. ‘सगळे’, ‘काही’, ‘कोणी’ यांसाठी वेगळे शब्द करायची गरज नव्हती, कारण लपवायचा होता तो फक्त भाव. नंदभाषा त्यामुळे पूर्ण भाषा ठरत नाही. ती मराठीच्या अंगावर चढवलेली आकड्यांची शब्दावली आहे. तिच्या कामाला तेवढं पुरेसं होतं.

पूर्ण भाषा घडवणाऱ्याला मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही. वॉर्सातले डोळ्यांचे डॉक्टर लुडविक झामेनहोफ यांनी १८८७ साली ‘डॉक्टर एस्पेरांतो’ या टोपणनावाने आपल्या नव्या भाषेचं एक छोटं पुस्तक छापलं. एस्पेरांतो म्हणजे आशा बाळगणारा. पुढे भाषेलाच हे नाव पडलं. तिचे सोळा मूळ नियम १९०५ सालच्या ‘फुंदामेंतो’ या पायाभूत ग्रंथात कायम झाले. त्यातला संख्यांचा नियम मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही ओळखीचा वाटेल.

आपल्या शालेय व्याकरणात संख्याविशेषणांचे प्रकार पाठ करून घेत: गणनावाचक, क्रमवाचक, आवृत्तिवाचक, पृथक्त्ववाचक, अनिश्चित. दोन, दुसरा, दुप्पट, दोन-दोन, काही. मराठीत यातल्या काही प्रकारांत शब्दाचं रूप आतूनच बदलतं, आणि ते कसं बदलेल हे नेहमी आधी सांगता येत नाही. दोनचा दुसरा, चारचा चौथा, सहाचा सहावा. एस्पेरांतोत मूळ आकडा कधीच बदलत नाही, त्याला फक्त शेपूट लागतं. ‘दु’ म्हणजे दोन. ‘दुआ’ म्हणजे दुसरा. ‘दुओब्ला’ म्हणजे दुप्पट. ‘दुओनो’ म्हणजे अर्धा, दोनातला एक भाग. ‘दुओपे’ म्हणजे दोघं मिळून. दोनच्या जागी ‘क्वार’, म्हणजे चार, ठेवा: क्वारा चौथा, क्वारोब्ला चौपट, क्वारोनो पाव, क्वारोपे चौघं मिळून. एकदा कळलं की हजारालाही तेच लागू.

मोजणीचे मूळ शब्द बाराच आहेत. उनु, दु, त्रि, क्वार, क्विन, सेस, सेप, ओक, नाउ हे एक ते नऊ. मग देक दहा, त्सेंत शंभर, मिल हजार. दहाच्या आधी आलेला आकडा गुणतो, नंतर आलेला मिळवतो. ‘दुदेक’ म्हणजे वीस, ‘देक दु’ म्हणजे बारा. सत्तेचाळीस म्हणजे ‘क्वारदेक सेप’, चार दहा आणि सात. या बारा शब्दांत नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवपर्यंत कोणतीही संख्या बोलता येते.

याच्या शेजारी मराठीचे एक ते शंभर ठेवून पाहा. एकोणसाठ, त्रेसष्ट, सदुसष्ट, अठ्ठ्याहत्तर: जवळजवळ प्रत्येक शब्द स्वतंत्र पाठ करावा लागतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात तेवीसबरोबर ‘वीस तीन’ असंही वाचन दिलं गेलं, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला आणि तो विधिमंडळापर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की लहान मुलांना जोडाक्षरांनी भरलेले हे शब्द अवघड जातात, आणि लिहिण्याचा क्रम व बोलण्याचा क्रम उलटसुलट असल्याने गोंधळ होतो. तेवीस लिहिताना आधी दोन, मग तीन. बोलताना आधी ‘ते’, मग ‘वीस’. भाषा घडवणाऱ्याला जो प्रश्न कोऱ्या कागदावर सोडवता येतो, तोच प्रश्न जिवंत भाषेत सोडवायला गेलं की लोकांच्या कानांना दुखतो. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं असं मला वाटतं. तेवीस हा शब्द आपला आहे आणि तो जाऊ नये. पण तो पोराला अवघड जातो, हेही तितकंच खरं.

वाटून देण्यासाठी मराठीत शब्दाची द्विरुक्ती होते: “मुलांना दोन-दोन गजक दिले.” ‘दोन गजक दिले’ म्हटलं तर सगळ्यांत मिळून दोनच. एस्पेरांतोत या कामाला ‘पो’ हा एक शब्द आहे. ‘पो दु’ म्हणजे प्रत्येकी दोन. अनेक युरोपीय भाषांत हा अर्थ सांगायला वाक्य लांबवावं लागतं. मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या माणसाला ‘पो’ लगेच पटतं, कारण दोन-दोन आणि एकेक ही रूपं त्याच्या तोंडी लहानपणापासून असतात.

आता मोजता न येणाऱ्या जिनसांकडे येऊ. दुकानात आपण ‘पाव किलो गजक’ म्हणतो, ‘पेलाभर पाणी’ म्हणतो. माप आणि वस्तू शेजारी ठेवली की काम झालं, किंवा ‘भर’ लावला की झालं. ‘पाण्याचा पेला’ म्हणालो तर मात्र पेला कशासाठी आहे ते कळतं, पाणी किती ते कळत नाही. एस्पेरांतोत मापानंतर ‘दा’ येतो: ‘ग्लासो दा आक्वो’ म्हणजे पेलाभर पाणी, आणि पाण्यासाठीचा पेला म्हणजे ‘ग्लासो पोर आक्वो’. बरेच लोक म्हणायचं असेल तर दोन वाटा आहेत: ‘मुल्ताय होमोय’, यात ‘मुल्ताय’ विशेषण आहे म्हणून ‘दा’ नाही, किंवा ‘मुल्ते दा होमोय’, यात ‘मुल्ते’ हे माप झालं म्हणून ‘दा’ हवा. नवे शिकणारे इथे हमखास अडखळतात आणि दोन्हींची सरमिसळ करतात.

पण झामेनहोफ यांची सगळ्यात विचारपूर्वक केलेली रचना म्हणजे पंचेचाळीस शब्दांचा तक्ता. पाच सुरुवाती आणि नऊ शेवट. ‘कि’ने प्रश्न विचारायचा, ‘ति’ने दाखवायचं, ‘इ’ने काहीतरी अनिश्चित सांगायचं, ‘चि’ने सगळं कवेत घ्यायचं, ‘नेनि’ने काहीच नाही म्हणायचं. शेवटांपैकी ‘उ’ माणसासाठी किंवा गटातल्या एकासाठी, ‘ओ’ वस्तूसाठी, ‘ए’ जागेसाठी, ‘आम’ वेळेसाठी, ‘ओम’ प्रमाणासाठी. याखेरीज प्रकार, कारण, रीत आणि मालकी यांचे चार. ‘किउ’ कोण, ‘तिउ’ तो, ‘इउ’ कोणीतरी, ‘चिउ’ प्रत्येक जण, ‘नेनिउ’ कोणी नाही. ‘किए’ कुठे, ‘तिए’ तिथे, ‘इए’ कुठेतरी, ‘चिए’ सगळीकडे, ‘नेनिए’ कुठेच नाही. ‘किओम’ किती, ‘तिओम’ तितकं, ‘इओम’ थोडंसं, ‘चिओम’ सगळंच्या सगळं, ‘नेनिओम’ मुळीच नाही.

मराठी माणसाला हा तक्ता वाचताना जाणवतं की याचा अर्धा भाग आपल्या घरीच आहे. कोण, कुठे, केव्हा, कसा, किती यांची क-ओळ. तो, तिथे, तेव्हा, तसा, तितका यांची त-ओळ. जो, जिथे, जेव्हा, जसा, जितका यांची ज-ओळ. आणि हा, इथे, असा, इतका. मराठीत ज-ओळ वेगळी आहे, एस्पेरांतोत ‘कि’च तेही काम करतो. ‘तरी’ लावला की अनिश्चिताची ओळ तयार होते: कुठेतरी, केव्हातरी, कसंतरी, काहीतरी. इथपर्यंत आपला तक्ता सुरेख चालतो. ‘सगळे’च्या ओळीला मात्र तो विस्कटतो. जागेसाठी ‘सगळीकडे’, वेळेसाठी ‘नेहमी’, रीतीसाठी ‘सर्व प्रकारे’, माणसासाठी ‘प्रत्येक’, आणि यांचं एकमेकांशी नातं काही नाही. ‘नाही’च्या ओळीला तर आपल्याकडे शब्दच नाहीत. ‘नेनिउ’ला मराठीत एका शब्दात उत्तर नाही, आपण ‘कोणीही’ म्हणतो आणि ‘नाही’ क्रियापदाकडे सोपवतो: “कोणीही आलं नाही.” झामेनहोफ यांनी जे केलं ते एवढंच, की प्रश्नाच्या ओळीइतकीच शिस्त ‘सगळे’ आणि ‘कोणीच नाही’च्या ओळीलाही लावली.

त्यामुळे नकाराचा नियम मराठीपेक्षा वेगळा होतो. ‘नेनिउ वेनिस’ म्हणजे कोणीही आलं नाही. ‘नेनिउ’मध्ये नकार आलाच आहे, म्हणून क्रियापदाला पुन्हा ‘ने’ लावायचा नाही. सोळा नियमांत हे स्पष्ट सांगितलं आहे. लावला तर ‘नेनिउ ने वेनिस’चा अर्थ होईल, आला नाही असा कोणी नव्हता, म्हणजे सगळे आले. मराठी माणसाच्या हातून ‘ने’ सवयीने लावला जातो, कारण आपल्या ‘कोणीही’च्या पोटात नकार नाही. “कोणीही येऊ शकतं” यातही तोच ‘कोणीही’ आहे. ही वाटेल तो, वाटेल ते अशी मोकळीक सांगायला एस्पेरांतोत निराळा शब्द आहे, ‘आय्न’: ‘किउ आय्न’ म्हणजे कोणीही, जो कोणी असेल तो. मराठीचा ‘ही’ दोन्ही कामं करतो आणि तिसरंही करतो: दोन्ही, तिन्ही, चारही. शालेय व्याकरण याला साकल्यवाचक म्हणतं. दोन्हीसाठी एस्पेरांतोत ‘आंबाउ’ हा स्वतंत्र शब्द आहे. तिन्हीसाठी ‘चिउय त्रि’, सगळे तीन. एवढ्याशा ‘ही’कडून मराठी किती काम करून घेते हे मला एस्पेरांतोचा तक्ता समोर ठेवल्यावरच नीट दिसलं.

‘सगळे’ही एक नाही. ‘चिउ’ एकवचनी असला तर प्रत्येक, एकेकाकडे बघून. ‘चिउय’ अनेकवचनी झाला की सगळे, मिळून. ‘चिओ’ म्हणजे सगळं काही. आणि ‘तुता’ म्हणजे अख्खा. मराठीत ‘सगळा’ हे सगळं ओझं वाहतो: ‘सगळी गल्ली’ म्हणजे अख्खी एक गल्ली, ‘सगळ्या गल्ल्या’ म्हणजे एकूण एक गल्ली. आपल्याकडे वचन बदललं की अर्थ बदलतो, तिकडे शब्दच बदलतो. ‘तुता तागो’ म्हणजे अख्खा दिवस, ‘चिउ तागो’ म्हणजे दर दिवस.

मग सुरुवातीचं दुकानाचं वाक्य एस्पेरांतोत सुटतं का? बरंचसं. नियम असा की ‘ने’ ज्याला नाकारायचं त्याच्या लगेच आधी येतो. ‘ने चिउय बुतिकोय एस्तास मालफेर्मिताय’: सगळी नाही, काही दुकानं उघडी. ‘नेनिउ बुतिको एस्तास मालफेर्मिता’: एकही नाही. पण कोणी ‘चिउय बुतिकोय ने एस्तास…’ असं म्हणालं तर तीच मराठीतली शंका परत उभी राहते. म्हणून जाणकार तसं लिहू नका असं सांगतात. ही सल्ल्याची गोष्ट आहे, व्याकरण तिथे दार बंद करत नाही.

ते दार बंद केलं लोज्बानने. अमेरिकेत जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५ साली ‘लॉगलान’ या तर्कभाषेला सुरुवात केली. तिच्यातून १९८७ साली लोज्बान वेगळी झाली. तिचे मूळ शब्द चिनी, हिंदी, इंग्रजी, रशियन, स्पॅनिश आणि अरबी यांतल्या ध्वनींवरून बांधलेले आहेत. तिथे ‘सगळे’ आणि ‘एकही नाही’ हे आकड्यांच्याच जातीचे शब्द धरले आहेत. ‘नो’ शून्य, ‘पा’ एक, ‘रे’ दोन, ‘शी’ तीन, आणि त्याच रांगेत ‘रो’ म्हणजे सगळे, ‘सुहो’ म्हणजे निदान एक, ‘सोहे’ बहुतेक, ‘सोही’ पुष्कळ, ‘सोहु’ थोडके. ‘राउ’ पुरेसे, ‘दुहे’ गरजेपेक्षा जास्त. नुसता ‘शी’ म्हटलं की अर्थ तीनच, ना कमी ना जास्त. निदान तीन म्हणायचं तर ‘सुहो शी’. मराठीत ‘तीन’ आणि ‘तीनच’ यांतला फरक आपण ‘च’वर सोडतो, तो इथे आकड्याच्या अर्थातच बसवला आहे.

खरी शिस्त क्रमात आहे. ग्वाल्हेर घराण्याच्या गावात शोभेल असं उदाहरण घेऊ: “प्रत्येक विद्यार्थ्याने एक बंदिश गायली.” सगळ्यांनी एकच, की प्रत्येकाने आपापली? मराठी ‘एकच’ किंवा ‘एकेक’ म्हणून सावरून घेते, पण मूळ वाक्य दोन्हींकडे झुकतं. लोज्बानमध्ये जो परिमाणवाचक शब्द आधी येतो तो पुढच्याला आपल्या आत घेतो. ‘रो ताद्नी शू सांगा सुहो दा’ यात आधी ‘रो’, सगळे विद्यार्थी. मग प्रत्येकासाठी निदान एक गाणं, जे वेगवेगळं असू शकतं. गाणं एकच आहे असं सांगायचं तर ते पुढे आणावं लागतं: ‘सुहो दा झोहु रो ताद्नी शू सांगा दा’, म्हणजे असं एक काही आहे, जे सगळे विद्यार्थी गातात. वाक्यात हलवता येणाऱ्या ‘नाकु’ या नकारालाही हाच नियम. ‘सगळे’आधी ‘नाही’ आला की सगळे नाहीत. ‘सगळे’नंतर आला की एकही नाही. जोर कुठे दिला, दिवस कोणता, हातात काय आहे, यातलं काहीही बघावं लागत नाही.

या नेमकेपणाची किंमत आहे. लोज्बानमध्ये असे परिमाणवाचक शब्द वापरायचे तर त्यांचा क्रम बोलणाऱ्याला आधीच ठरवावा लागतो. गप्पा मारताना एवढं ठरवून कोणी बोलत नाही. याच्या अगदी उलट टोकाला २००१ साली सोन्या लँग यांनी मांडलेली तोकी पोना आहे. सुमारे सव्वाशे शब्दांत अख्खी भाषा, आणि मोजायला मुळात ‘वान’ एक, ‘तु’ दोन, ‘मुते’ पुष्कळ, ‘आला’ काही नाही, ‘आले’ सगळं. तीन दुकानं आणि तीनशे दुकानं दोन्ही ‘मुते’. काही बोलणारे हातासाठीचा ‘लुका’ शब्द पाचसाठी वापरून पुढे मोजतात, पण भाषेचा मूळ स्वभाव मोजू नये असाच आहे. बाजारात ती चालणार नाही, आणि ती बाजारासाठी केलेलीही नाही.

या सगळ्यांत शिकायला सोपा आणि बोलायला पुरेसा तक्ता झामेनहोफ यांचाच आहे, असं माझं मत झालं आहे. मराठी आणि हिंदी दोन्ही बोलणाऱ्या घरातल्या मुलाला तो आठवड्याभरात तोंडपाठ होईल. क आणि त त्याच्या जिभेवर आधीच आहेत. ज्यांच्या घरी भाषेची आवड असलेली पोरं आहेत त्यांनी त्यांना एक काम जरूर द्यावं. स्वतःची भाषा घडवायला सांगावं, पण शंभर नामं करायच्या आधी तिच्यात पाच वाक्यं लिहायला लावावीत: सगळे आले. सगळे आले नाहीत. एकही आला नाही. कोणीही यावं. प्रत्येकाला दोन-दोन मिळाले.